एका चालीची तीन बारशी

'रिलॅक्सिन' ही तबकडी लावली की आधी वाद्य ऐकू येत नाही, माणसाचा आवाज येतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस आपल्या बसलेल्या, खरखरीत आवाजात काचेपलीकडच्या मंडळींना सांगतो, की आधी वाजवतो, काय होतं ते मागाहून सांगेन. मग चुटक्यांनी लय देतो आणि रेड गार्लंड पियानोवर घंटेचे टोले वाजवून सुरुवात करतो. तारीख २६ ऑक्टोबर १९५६. जागा न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावातला, रुडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांचा दिवाणखाना. पोटापाण्यासाठी डोळे तपासणारा हा माणूस उरलेल्या वेळात तिथं ध्वनिमुद्रण करायचा. हार्ड बॉप या जॅझशैलीच्या ऐन बहरातल्या कितीतरी तबकड्या त्याच खोलीत तयार झाल्या.

त्या दिवशी वाजली ती चाल फ्रँक लेसरच्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेतली. तिच्या नावागावाबद्दल कसलाच वाद नाही. पण डेव्हिसच्या त्या एका वाक्यात त्या काळची सगळी रीत आली. आधी वाजवायचं, बारसं मागाहून. आणि बारशाच्याही मागाहून कागद: तबकडीच्या लेबलवर संगीतकार म्हणून कोण, हक्कांच्या नोंदवहीत कोण, पैसे कोणाकडे. वादक, नाव आणि कागद या तिघांची गाठ दर वेळी पडेच असं नाही. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे.

कारण हार्ड बॉप ऐकणाऱ्यांमध्ये एक मत आता इतकं रुजलं आहे, की ते तपासून पाहायची गरजही कोणाला वाटत नाही. एका चालीला दोन नावं सापडली की चोरी झाली असं समजायचं. दुसरं नाव म्हणजे चोरीवर घातलेलं पांघरूण. रविवारी आम्ही काहीजण एकत्र बसून ऐकतो, तिथंही हे मत अधूनमधून येतंच. मागे एका जुन्या स्नेह्यानं 'वॉकिन' तबकडीचं कव्हर हातात घेऊन मला ठणकावून सांगितलं, "यातली एक तरी चाल तुमच्या माइल्सची आहे का हो? सगळी उचलेगिरी!" त्याचा राग खरा होता. न्यायाची चाड असल्याशिवाय असा राग येत नाही. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं, आणि उत्तराआधी त्याची बाजू पूर्ण मांडायला हवी.

ती बाजू दुबळी नाही. 'सोलर' ही चाल डेव्हिसनं एप्रिल १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित केली आणि १९६३ मध्ये तिची हक्कनोंद झाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वुडलॉन दफनभूमीत डेव्हिसच्या थडग्यावर याच चालीचे सुरुवातीचे स्वर कोरलेले आहेत. आता दुसरा कागद बघा. चक वेन नावाचा एक गिटारवादक होता. १९४६ मध्ये ओक्लाहोमा सिटीत, मित्रांच्या मैफलीत त्यानं एक चाल वाजवली. तिचं नाव 'सनी'. तिथं त्याच्याबरोबर ट्रम्पेट वाजवणाऱ्या सनी बर्मनवरून ते ठेवलेलं. बर्मन पुढच्याच जानेवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी वारला. वेन १९९७ मध्ये गेला. त्याचा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आला, त्यात ती जुनी ध्वनिमुद्रिका निघाली आणि २०१२ मध्ये तिथल्या लॅरी ॲपलबॉम यांनी ती लोकांसमोर ठेवली. ऐकणाऱ्याला शंकाच राहत नाही. 'सोलर' म्हणजे 'सनी'.

शिवाय 'फोर' आणि 'ट्यून अप' आहेत. दोन्ही डेव्हिसच्या नावावर, दोन्ही एडी 'क्लीनहेड' व्हिन्सनच्या असल्याचं जाणकार मानतात. व्हिन्सन ह्यूस्टनचा, ब्लूज गाणारा आणि अल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन तरुणपणी त्याच्याच बँडमध्ये होता. शिवाय 'डिग', जी जॅकी मॅक्लीनची. शिवाय 'माइलस्टोन्स' नावाची १९४७ ची चाल, जी पियानोवादक जॉन लुईसची सांगितली जाते. इतकं सगळं एका माणसाच्या भोवती जमल्यावर स्नेह्याला राग आला तर दोष कसा द्यावा?

'सोलर'च्या बाबतीत मी डेव्हिसची वकिली करणार नाही. चाल वेनची आहे. माझी हरकत आहे ती या एका उदाहरणावरून नियम काढण्याला. दोन नावं का पडतात याची कारणं निराळी निराळी आहेत, आणि ती ओळखता येतात. चोरी हे त्यातलं एक कारण. इतर कारणं तिच्या पोटात कोंबली, की या संगीताचा इतिहास तर बिघडतोच, पण खरा गुन्हेगारही हातचा निसटतो.

आधी कायद्याचं बघू, कारण निम्मी गुंतागुंत तिथली आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानं तबकडीच्या प्रत्येक प्रतीमागं प्रत्येक चालीला २ सेंट ठरवले होते. हा दर १९७८ पर्यंत तसाच राहिला. २ सेंट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण एका एलपीवर सहा चाली धरल्या तर प्रत्येक प्रतीमागं १२ सेंट, आणि हे पैसे वादनाचे नाहीत, चाल ज्याच्या नावावर त्याचे आणि त्याच्या प्रकाशकाचे. आता व्यवहारात संरक्षण मिळत होतं ते चालीला. तिच्याखालच्या कॉर्ड्सच्या क्रमाला कोणी हक्क सांगत नसे. त्यामुळे जुन्या लोकप्रिय गाण्याचा कॉर्ड्सचा सांगाडा घ्यायचा, त्यावर नवी चाल बांधायची आणि नवं नाव द्यायचं, ही बीबॉपच्या पिढीची सरसकट रीत झाली. कंपन्यांनाही ती सोयीची होती, कारण जुन्या गाण्याच्या प्रकाशकाला काही द्यावं लागत नसे.

हे घडताना कानांनी ऐकता येतं. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी चार्ली पार्कर सॅव्हॉय कंपनीसाठी 'को-को' ध्वनिमुद्रित करत होता. फसलेला पहिला प्रयत्न जपून राहिला आहे. अल्टो आणि ट्रम्पेटची ती विजेसारखी प्रस्तावना संपते, 'चेरोकी' या १९३८ च्या गाण्याची ओळखीची चाल सुरू होते, आणि काही क्षणांत सगळं थांबवलं जातं. पुन्हा सुरुवात होते तेव्हा प्रस्तावना तीच, कॉर्ड्स त्याच, पण 'चेरोकी'ची चाल गायब. पार्कर थेट सोलोत शिरतो. त्या थांबण्यात एका गाण्याचं नाव बदललं. त्याला चोरी म्हणणारा अजून मला भेटलेला नाही, कारण पार्करनं त्या सांगाड्यावर जे उभं केलं ते सर्वस्वी त्याचं होतं.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचा निर्देश केलेला असे. किर्लोस्करांची पदं त्या जुन्या चालींवर बेतलेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यात कोणाला गैर दिसलं नाही, कारण उगम तिथंच छापलेला होता. न्यूयॉर्कच्या लेबलवर ती एक ओळ छापणं म्हणजे पैसे दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं. म्हणून ती छापली गेली नाही, आणि उगम वादकांच्या आपसातल्या बोलण्यात राहिला.

थेलोनियस मंकची 'एव्हिडन्स' ही चाल घ्या. तिचा सांगाडा 'जस्ट यू, जस्ट मी' या १९२९ च्या गाण्याचा. 'फक्त तू, फक्त मी' म्हणजे 'जस्ट अस', फक्त आपण. 'जस्ट अस' भराभर म्हटलं की होतं 'जस्टिस', न्याय. आणि न्यायाला लागतो पुरावा, म्हणून 'एव्हिडन्स'. मंकनं ती १९४८ मध्ये ब्लू नोट कंपनीसाठी या शेवटच्या नावानं वाजवली. आर्ट ब्लेकीच्या मेसेंजर्स या बँडनं १९५९ मध्ये क्लबात वाजवली तेव्हा तबकडीवर नाव आलं 'जस्टिस'. दोन्हीकडे चाल मंकचीच. नावांच्या या साखळीत उगम दडवलेला नाही. कान देणाऱ्यासाठी तो सांगून ठेवला आहे. ज्याला मूळ गाणं माहीत आहे त्याच्या हातात मंकनं दोरा दिला आहे, धरून मागं चालत जा म्हणून.

बड पॉवेलचंही असंच. १९४६ मध्ये सॅव्हॉयसाठी त्याची एक चाल 'बीबॉप इन पेस्टल' म्हणून वाजली. १९४९ मध्ये ब्लू नोटसाठी तीच 'बाउन्सिंग विथ बड' झाली. तिथं अठरा वर्षांचा सनी रॉलिन्स टेनर वाजवतो आहे. स्वतःच्या चालीचं नाव स्वतःच बदलणाऱ्यानं कोणाचं काय चोरलं? कंपनी बदलली, काळ बदलला, चालीला नवी झळाळी आली, नवं नाव पडलं. चोरीच्या सिद्धांतात या उदाहरणाला बसायला जागाच नाही, आणि अशी उदाहरणं चोरीच्या उदाहरणांहून पुष्कळ जास्त आहेत.

पण स्नेह्याचा रोख डेव्हिसवर होता, तेव्हा डेव्हिसकडेच जाऊ. 'डिग'चा आरोप नीट उलगडण्यासारखा आहे. ५ ऑक्टोबर १९५१ रोजी प्रेस्टीज कंपनीसाठी 'डिग' झाली. सांगाडा 'स्वीट जॉर्जिया ब्राऊन'चा, लेबलवर नाव डेव्हिसचं. वीस वर्षांचा जॅकी मॅक्लीन त्या दिवशी तिथंच अल्टो वाजवत होता. इथवर स्नेह्याचं म्हणणं बरोबर. पण पुढचं पान उलटा. ९ मे १९५२ रोजी, म्हणजे सात महिन्यांनी, डेव्हिस ब्लू नोटसाठी ध्वनिमुद्रण करतो. मॅक्लीन पुन्हा बरोबर. तीच चाल पुन्हा वाजते, या वेळी नाव 'डॉना', आणि संगीतकार म्हणून छापला जातो जॅकी मॅक्लीन. त्याच दिवशीची 'चान्स इट' ही ऑस्कर पेटिफर्डची चाल, जी 'मॅक्स इज मेकिंग वॅक्स' या नावानंही ओळखली जाते; पेटिफर्ड स्वतः तिथं बास वाजवत उभा होता. चोरावर पाळत ठेवून असलेल्या माणसानं मला एवढंच सांगावं: ज्याला पांघरूण घालायचं आहे तो सात महिन्यांत तोच माल दुसऱ्या दुकानात, खऱ्या मालकाला सोबत घेऊन, मालकाच्या नावासकट कशाला मांडेल? 'डॉना' हे दुसरं नाव चोरी झाकत नाही. उलट खरा कर्ता कोण हे आज आपल्याला त्याच नावामुळे कळतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या उदाहरणाशी थोडं थांबतो. एका चालीची तीन बारशी एकाच वर्षात, १९५६ मध्ये, झाली. बारा आवर्तनांचा, मध्यम लयीतला साधा ब्लूज. मी या तिन्ही तबकड्या एका दुपारी एकापाठोपाठ लावल्या आणि प्रत्येकीच्या कव्हरमागची वादकांची यादी कागदावर लिहून काढली. पहिली यादी 'चेंबर्स म्युझिक' या तबकडीची: जॉन कोल्ट्रेन, केनी ड्रू, पॉल चेंबर्स, फिली जो जोन्स. चालीचं नाव 'जॉन पॉल जोन्स'. अमेरिकेच्या आरमाराच्या इतिहासातल्या प्रसिद्ध योद्ध्याचं हे नाव, पण त्यातला जॉन कोल्ट्रेन, पॉल चेंबर्स आणि जोन्स ड्रमवरचा. तिघांनी मिळून केलेली सही म्हणा ना. दुसरी यादी १६ मार्चची: डेव्हिस, सनी रॉलिन्स, टॉमी फ्लॅनगन, पॉल चेंबर्स, आर्ट टेलर. नाव 'व्हीअर्ड ब्लूज', संगीतकार डेव्हिस. तिसरी ११ मेची, हॅकेनसॅकच्या त्याच दिवाणखान्यातली: डेव्हिस, कोल्ट्रेन, गार्लंड, चेंबर्स, फिली जो जोन्स. नाव 'ट्रेन्स ब्लूज'.

तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या की डोळ्यांत भरतं ते एक नाव. दुसऱ्या यादीत कोल्ट्रेन नाही. त्याच्या जागी रॉलिन्स आहे. डेव्हिस पहिलीत नाही. तिन्हींत आहे तो फक्त पॉल चेंबर्स, जेमतेम विशीतला बासवादक. चाल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली ती माणसांबरोबर, हातांत आणि कानांत बसून, कागदावरून नाही. आणि 'ट्रेन्स ब्लूज' हे नाव कोणीही ठेवलेलं असो, त्यात कोल्ट्रेन आहे. गाठोड्यावर खऱ्या मालकाचं नाव लिहून ठेवणाऱ्याला चोर म्हणता येत नाही. लेबलवरची 'व्हीअर्ड ब्लूज – डेव्हिस' ही नोंद चूक आहे, अन्यायाची आहे, ती दुरुस्त व्हायलाच हवी. पण त्या चुकीची दुरुस्ती आपण कशाच्या आधारे करतो? उरलेल्या दोन नावांच्या. ज्या दुहेरी-तिहेरी नावांना लोक गुन्ह्याची खूण म्हणतात, तीच आपल्याकडची साक्ष आहे.

इथं उलट बाजूचा गोंधळही सांगायला हवा, कारण खोटे आरोप बहुतेक तिथून येतात. नावं एक आणि चाली दोन, असंही पुष्कळदा आहे. १९४७ चं 'माइलस्टोन्स' निराळं, १९५८ चं निराळं. दुसरं तर पहिल्या छपाईत नुसतं 'माइल्स' म्हणून आलं होतं. क्लिफर्ड ब्राऊनच्या नावावरचं 'ब्लूज वॉक' म्हणजे सनी स्टिटचं 'लूज वॉक', पण लू डोनल्डसनचं १९५८ चं 'ब्लूज वॉक' या दोघांशी संबंध नसलेली वेगळी चाल आहे. 'मोनिन' तर सगळ्यांना माहीत: बॉबी टिमन्सचं ऑक्टोबर १९५८ चं, आणि पुढच्या वर्षीचं चार्ल्स मिंगसचं. नुसती नावं जुळवून खटला भरणाऱ्यानं आधी दोन्ही चाली ऐकाव्यात. टिमन्सच्या त्या चालीची कथाही ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीची हाक-प्रतिसादाची ओळ तो दोन गाण्यांच्या मधल्या वेळात सहज वाजवत बसायचा. बेनी गोल्सननं ती ऐकून मागं लागून त्याच्याकडून मधला भाग बांधून घेतला, तेव्हा कुठं ती पुरी झाली. गोल्सननं त्यात आपलं नाव घातलं नाही. अशा गोष्टी आपण हिशेबात धरतच नाही.

उगमाच्या तोंडी कथांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही तितकंच खरं. फेब्रुवारी १९५४ मध्ये बर्डलँड क्लबात आर्ट ब्लेकी 'अ नाइट इन ट्युनिशिया' जाहीर करताना श्रोत्यांना सांगतो, की डिझी गिलेस्पीनं ही चाल टेक्ससमध्ये कचऱ्याच्या डब्याच्या बुडावर रचली तेव्हा मी तिथं होतो. तबकडीवर ते बोलणं आहे आणि ऐकायला बहारीचं आहे. गिलेस्पीनं १९७९ च्या आत्मचरित्रात मात्र सांगितलं, की बेनी कार्टरच्या बँडमध्ये असताना पियानोवर बसून कॉर्ड्स शोधताना ती सुचली. मी गिलेस्पीचं मानतो. त्या चालीतल्या कॉर्ड्सची घसरण पियानोवर बोटं ठेवल्याशिवाय सुचण्यासारखी नाही. याच चालीला दुसरं नाव 'इंटरल्यूड', ज्या नावानं सारा व्हॉननं ती १९४४ च्या शेवटच्या दिवशी गायली. आणि सहसंगीतकार म्हणून फ्रँक पॅपरेली हे नाव छापलं जातं, ज्यानं चालीत काहीच भर घातलेली नाही. त्यानं केलेल्या स्वरलेखनाच्या कामाचा मोबदला म्हणून गिलेस्पीनं त्याला हा वाटा दिला होता. संगीतकार म्हणून छापलेलं नाव त्या काळी चलनासारखं वापरलं जाई. ते कर्तृत्वाचं प्रमाणपत्र आहे असं धरून बसणं हीच मुळातली चूक.

म्हणून आता मी बोट दाखवतो ते कचेरीकडे. १९७८ पूर्वी अमेरिकेत चालीची हक्कनोंद करायची तर स्वरलिपीत लिहिलेला कागद द्यावा लागे. ध्वनिमुद्रण चालत नसे. ज्या संगीताचं अर्धं आयुष्य कानांतून कानांत जातं, त्याची मालकी अशा रीतीनं कागद करणाऱ्याच्या हातात गेली. 'वॉकिन'च्या लेबलवर संगीतकार आहे रिचर्ड कार्पेंटर. हा माणूस वादक नव्हता, वादकांचा व्यवस्थापक होता. तीच चाल जीन अॅमन्सनं १९५० मध्ये 'ग्रेव्ही' नावानं वाजवली होती, आणि मूळ जिमी मंडीचं असं बहुतेक जाणकार मानतात. त्याहून दुखणारं उदाहरण पार्करचं. 'नाऊज द टाइम' ही त्याची चाल सॅव्हॉयनंच १९४५ मध्ये ध्वनिमुद्रित केली. १९४९ मध्ये त्याच सॅव्हॉयची 'द हकलबक' ही तबकडी देशभर गाजली. सगळे नाचत होते पार्करच्याच चालीवर, आणि संगीतकार म्हणून नाव अँडी गिब्सनचं होतं, पार्करचं कुठंच नव्हतं. एकाच कंपनीच्या दोन तबकड्या, एक चाल, दोन नावं. स्नेह्याचा राग इथं खर्ची पडायला हवा होता. तो ट्रम्पेटवाल्यावर खर्ची पडतो, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

रॉलिन्सच्या 'सेंट थॉमस'नं तर वादकालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. २२ जून १९५६ ची ही चाल. वर्षभर आधी रँडी वेस्टननं ती 'फायर डाऊन देअर' म्हणून वाजवली होती. ती कॅरिबियन बेटांवरची पारंपरिक चाल आहे, आणि रॉलिन्सनं ती लहानपणी आईच्या तोंडून ऐकली होती. आई व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमस बेटाची. हे त्यानं लपवलं नाही. चाल त्याच्या नावावर लावण्याचा आग्रह कंपनीचा होता. (हाच रॉलिन्स १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पवईच्या आश्रमात योगाभ्यासासाठी राहून गेला, आणि १९७८ च्या पहिल्या जॅझ यात्रेत मुंबईकरांनी त्याला समोर बसून ऐकलं.) आईच्या बेटाचं नाव चालीला देणारा माणूस उगम दडवतो आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

या कचेरीशी समोरासमोर उभे राहिले ते पियानोवादक हॉरेस सिल्व्हर आणि सॅक्सोफोनवादक गिगी ग्राइस, आणि हार्ड बॉपच्या इतिहासात त्यांचं हे काम त्यांच्या वादनाइतकंच मोठं मानायला हवं. सिल्व्हरनं आपल्या पहिल्या नावाची अक्षरं उलटी करून 'इकॅरो' नावाची चाल १९५२ मध्ये वाजवली होती. पुढं त्याच नावाची स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. आपल्या चालींचे हक्क त्यानं ब्लू नोटच्या प्रकाशनाकडे जाऊ दिले नाहीत. त्याच्या 'द प्रीचर'च्या तळाशीही 'शो मी द वे टु गो होम' या १९२५ च्या गाण्याचा सांगाडा आहे. पण तिच्यावर नाव त्याचं, पैसेही त्याचे, आणि उगम तो स्वतः सांगत असे. ग्राइसनं १९५५ मध्ये मेलोटोन ही कंपनी काढली, गोल्सननं टोटेम. बाकीच्या वादकांनाही ते पटवत राहिले, की चाल तुझी आहे तर कागद तू कर. हे पटवणं धंद्याला मानवलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही कंपन्या बंद पडल्या. ग्राइसनं जॅझ कायमचं सोडलं, बशीर कुसिम हे नाव घेतलं आणि न्यूयॉर्कच्या शाळेत शिक्षकी केली. 'मायनॉरिटी' ही चाल लिहिणाऱ्या माणसाची ही अखेर वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

एक प्रकार मात्र या सगळ्या खान्यांच्या बाहेर राहतो, आणि त्याबद्दल मी अजून विचार करतो आहे. मंकचं 'हॅकेनसॅक' व्हॅन गेल्डरच्या गावाचं नाव घेऊन १९५४ मध्ये आलं. तीच चाल कोलमन हॉकिन्सनं १९४५ मध्ये 'रिफटाइड' म्हणून वाजवली होती, आणि त्याआधी मेरी लू विल्यम्सनं १९४४ मध्ये 'लेडी बी गुड'ची मांडणी केली तिच्यात ती येऊन गेली आहे. मंकच्याच 'रिदम-अ-निंग'ची सुरुवातीची ओळ विल्यम्सच्या १९३६ च्या 'वॉकिन अँड स्विंगिन'मध्ये सापडते. हार्लेममधल्या तिच्या घरी मंक, पॉवेल अशी सगळी तरुण मंडळी रात्र रात्र बसायची. पियानो एक, पाळी सगळ्यांची. तिथं कोणाची ओळ कोणाच्या हातात गेली याचा हिशेब ठेवणारं कोणी नव्हतं. मंकनं ती मुद्दाम उचलली असं मी म्हणणार नाही. पण या सगळ्या देवघेवीत लेबलवरून नाव पुसलं गेलं ते त्या घरातल्या एकट्या बाईचं, हे नजरेआड करणंही मला जमत नाही. तिच्या ओळीवर उभ्या राहिलेल्या चालींत तिचं नाव छापलं जावं.

मी माझ्या तबकड्यांची एक वही ठेवतो. आधी तीत दोनच रकाने होते, चाल आणि संगीतकार. आता चार आहेत: चालीची सगळी नावं, लेबलवर छापलेलं नाव, खोलीत कोण कोण होतं, आणि चाल कोणाची. स्नेह्याच्या त्या रविवारनंतर मी 'वॉकिन' तबकडीचं पान पुन्हा लिहून काढलं. 'सोलर'च्या ओळीत आता असं आहे: नावं – 'सनी' (१९४६, ओक्लाहोमा सिटी), 'सोलर' (१९५४), लेबलवर माइल्स डेव्हिस, पहिल्यांदा वाजली तेव्हा खोलीत सनी बर्मन, चाल चक वेनची.